आम्ही, आपण आणि नऊ तासिका

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे, हे भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही कित्येक वर्षे शिकवत आलो आहोत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद असा काटेकोर नाही, गुजरातीत आहे, आणि अनेक भाषाभ्यासक तो द्राविडी भाषांच्या सहवासाचा परिणाम मानतात. फळ्यावर दोन वर्तुळे काढून हे समजावून सांगणे सोपे असते. एका वर्तुळात ऐकणारा आत, दुसऱ्यात बाहेर. विद्यार्थी माना डोलावतात, उदाहरणे देतात, आणि तास संपतो. हा भेद आपल्या अंगावर कसा येतो, ते मात्र आम्हांला २०२४च्या जुलै महिन्यात एका मुलाखतीत कळले.

हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. आम्ही दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही सेट उत्तीर्ण. आमच्यातला धाकटा पीएच.डी.ही आहे. थोरल्याने अठ्ठेचाळिशी गाठली आहे, धाकटा पंचेचाळीस वर्षांचा आहे. आणि दोघेही गेली पंधराहून अधिक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. वाचकांपैकी बहुतेकांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. पण एखादा विद्यार्थी हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी सांगतो. महाविद्यालयात अध्यापकाचे पद रिकामे असते, ते भरायची परवानगी नसते, पण वर्ग तर रिकामा ठेवता येत नाही. म्हणून तासाच्या हिशेबाने माणूस नेमतात. जितके तास शिकवले तितक्यांचे पैसे. शैक्षणिक वर्ष संपले की नेमणूक संपते. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. ज्या वर्गात आपण मार्चपर्यंत शिकवत होतो, त्याच वर्गात शिकवण्यास आपण लायक आहोत काय, हे जुलैत पुन्हा तपासले जाते.

आमचे महाविद्यालय खानदेशातील एका तालुक्याच्या गावी आहे. एके काळी मराठी विभागात तीन पूर्णवेळ अध्यापक होते. दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि विभागप्रमुख तेवढे उरले. उरलेला कार्यभार आम्हां दोघांत विभागला जाई. आठवड्याला प्रत्येकी नऊ तासिका. दरवर्षी मुलाखतीला आम्ही एकाच एसटीने जात असू, एकाच टपरीवर चहा घेत असू, आणि दोघांचीही निवड होणार हे बव्हंशी ठरलेले असे. मुलाखत म्हणजे एक उपचार होता. आमच्या मैत्रीचा पाया काय, असे कोणी विचारले असते तर आम्ही वाङ्मयीन आवडीनिवडींची नावे सांगितली असती. खरा पाया अठरा तासिकांचा होता, हे नंतर ध्यानात आले.

त्या वर्षी नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमाची फेरमांडणी झाली. विषयांचे गट बदलले, श्रेयांकांची गणिते बदलली, आणि आमच्या विभागाचा कार्यभार घटला. जाहिरातीत मराठीपुढे एकच जागा होती. नऊ तासिका. दोघांनीही ती जाहिरात वाचली, आणि चार दिवस एकमेकांना फोन केला नाही. पाचव्या दिवशी धाकट्याने थोरल्याला विचारले, “दादा, अर्ज करताय ना?” थोरला म्हणाला, “करतोय. तू?” “मीही.” एवढेच बोलणे झाले.

मुलाखतीच्या दिवशी पाऊस होता. सहा चाळीसच्या गाडीत नेहमीप्रमाणे शेजारी बसलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा भिजत उभ्या होत्या. थोरल्याच्या पिशवीत प्रमाणपत्रांची फाईल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती; धाकट्याने मूळ कागद घरीच ठेवून साक्षांकित प्रती आणल्या होत्या. या विषयावर आम्ही बरेच बोललो. मूळ कागद आणावेत की आणू नयेत, यावर दोन पदव्युत्तर माणसे दीड तास बोलू शकतात, हे त्या दिवशी आम्हांला समजले.

प्राचार्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर इतिहासाचे तिघे, अर्थशास्त्राच्या दोघी आणि आम्ही दोघे होतो. शिपाईमामा आम्हांला ओळखत होते. त्यांनी पाणी आणून दिले आणि “सर, या वर्षी एकच का हो?” असे विचारले. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आधी थोरल्याला बोलावणे आले. आत प्राचार्य, विभागप्रमुख, बाहेरच्या महाविद्यालयातून आलेले विषयतज्ज्ञ आणि संस्थेचे एक प्रतिनिधी असे चौघे होते. नाव, गाव, सेट कोणत्या वर्षी, येण्याजाण्याची सोय काय, हे सारे विचारून झाले. मग विषयतज्ज्ञ म्हणाले, “पाच मिनिटे शिकवून दाखवा. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ घ्या.”

ही कविता थोरल्याने किमान पंधरा वेळा शिकवली असेल. त्याने सुनीताच्या रचनेपासून सुरुवात केली. चौदा ओळींत कवी स्वतःच्या जातीबद्दल काय दावा करतो, तो दावा करताना प्रश्न विचारणारा माणूस ‘तुम्ही’ असतो आणि उत्तर देणारा ‘मी’ नसून ‘आम्ही’ असतो, हे त्याने सांगितले. आचार्य अत्र्यांना ‘झेंडूची फुले’मध्ये याच कवितेचे विडंबन करावेसे का वाटले असावे, इथपर्यंत तो आला होता. तेवढ्यात प्राचार्यांचा दूरध्वनी वाजला. ते बोलून होईपर्यंत सगळे थांबले. नंतर प्राचार्य म्हणाले, “ठीक आहे, शिकवता तर येतेच तुम्हांला. आता कामाचे बोलू.”

कामाचे बोलणे असे होते. “सर, आपल्याला या वर्षी नॅकला सामोरे जायचे आहे. आपल्याला मागच्या पाच वर्षांच्या नोंदी लावायच्या आहेत. आपल्याकडे माणसे कमी आहेत. आपणच सगळे मिळून करायचे आहे.” थोरल्याने होकार दिला. मग त्याने मानधन साधारण कधी मिळेल, असे विचारले. प्राचार्य म्हणाले, “तुमचे मानधन शासनाकडून आले की तुम्हांला मिळेल. तुमचे तास तेवढे भरलेले पाहिजेत.”

थोरल्याने बाहेर आल्यावर आम्हांला हे सांगितले नाही. उमेदवारांनी एकमेकांशी बोलायचे नाही, असा काही नियम नव्हता; पण तो बोलला नाही, आणि धाकट्यानेही विचारले नाही.

मग धाकटा आत गेला. त्याला शिकवून दाखवायला सांगितलेच नाही. वेळ कमी होता. त्याचा पीएच.डी.चा विषय कोणी विचारला नाही. संस्थेचे प्रतिनिधी म्हणाले, “आधीचे सर नॅकचे काम बघायला तयार आहेत. तुमचे काय?” धाकटा म्हणाला, “मीही तयार आहे. शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर असते, तेही सांभाळीन.” हे शिबिराचे त्याला कोणी विचारले नव्हते. ते त्याच्या तोंडून आपण होऊन निघाले.

अर्ध्या तासाने थोरल्याला पुन्हा आत बोलावले. “दुसरे सर शिबिरही घ्यायला तयार आहेत,” असे त्याला सांगण्यात आले. थोरला म्हणाला, “परीक्षेचे पर्यवेक्षण, वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक, प्रवेशाच्या काळातले समुपदेशन, जे सांगाल ते करीन. रोज येईन. तास असो वा नसो.”

परतीच्या गाडीत, साधारण निम्म्या वाटेवर, धाकट्याने विचारले, “तुम्हांला दुसऱ्यांदा कशाला बोलावले होते?” मग सगळे बाहेर आले. आधी याने काय कबूल केले, मग त्याने काय कबूल केले, हे क्रमाने मांडल्यावर दोघांच्याही लक्षात आले की बंद दाराच्या दोन बाजूंना बसून आम्ही एकमेकांविरुद्ध बोली लावत होतो. बाजारात बोली चढत जाते. आमची उतरत गेली होती. केळीच्या भावावरून शेतकऱ्याला कसे अडवले जाते, हे खानदेशात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते. व्यापारी एकाला दुसऱ्याचा भाव सांगतो. तेवढेच त्याला करावे लागते. उरलेले काम शेतकरी स्वतः करतो.

आम्हांला त्या समितीचा राग यायला हवा होता. पण आधी लाज वाटली. त्या दिवशी समितीने ‘आपण’ हा शब्द पुष्कळ वेळा उच्चारला होता. काम होते तेथे ‘आपण’, पैसा होता तेथे ‘तुम्ही’. हे आम्हां भाषेच्या अध्यापकांना तिथल्या तिथे कळायला हवे होते. आणि त्याहून लाजिरवाणे हे की आम्ही दोघांनी त्या दालनात एकदाही ‘आम्ही’ म्हटले नव्हते. दोघेही ‘मी’ म्हणत राहिलो. तेही ‘आम्ही कोण?’ ही कविता शिकवण्याच्या निमित्ताने.

त्या दिवसाबद्दल लिहायचे ठरल्यावर आम्ही काही गोष्टी शांतपणे मांडून पाहिल्या. त्यांपैकी पहिली तासिकेची. तासिका म्हणजे वर्गात घालवलेली मिनिटे. पण शिकवणे त्या मिनिटांत मावत नाही. एका सुनीतावर बोलण्याआधी त्या कवीच्या इतर कविता पुन्हा वाचाव्या लागतात, त्यावरची समीक्षा चाळावी लागते. तास झाल्यावर एखादी मुलगी व्हरांड्यात थांबवून विचारते, “सर, मग कवी स्वतःला देवासारखा का समजतो?” तिच्याशी बोलायला वीस मिनिटे लागतात. ती वीस मिनिटे बहुधा त्या दिवसाचे खरे अध्यापन असते. हजेरीपटात त्यांची नोंद नसते. नऊ तासिका चार दिवसांत विभागल्या, तर येण्याजाण्याचेच बारा तास होतात. सकाळी आठचा तास आणि साडेबाराचा तास यांच्यामधले तास ग्रंथालयात जातात. हे सारे तासिकेच्या बाहेरचे. मुलाखतीत मात्र सगळे प्रश्न याच बाहेरच्या वेळेबद्दल होते. जी वेळ मोजायची नाही असे ठरले आहे, तीच आम्हांला विकायची होती.

दुसरी गोष्ट नियमांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांत म्हटले आहे की कंत्राटी अध्यापक अगदीच आवश्यक असेल तेव्हा नेमावेत, त्यांची संख्या एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, आणि त्यांचे वेतन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी असू नये. आमच्या विभागात एक नियमित आणि दोन तासिकेवरचे अशी स्थिती अनेक वर्षे होती. पण आम्ही कंत्राटीही नाही. कंत्राटी माणसाचे माप महिन्याने घेतात, आमचे तासाने. त्यामुळे तो नियम आमच्या अंगावरून निघून जातो. याच आयोगाने २०१९च्या जानेवारीत अतिथी अध्यापकासाठी दर व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे मानधन सुचवले. आठवड्याला नऊ तास धरले तर चार आठवड्यांचे ५४,००० होतात, म्हणजे वरच्या मर्यादेला हात लागतो. आमच्या हाती पडणारी रक्कम याहून पुष्कळ कमी असते, आणि ती दरमहा नव्हे, तर अनुदान येईल तेव्हा येते. दिवाळीच्या आधी काही मिळाले तर त्या वर्षाला आम्ही बरे वर्ष म्हणतो.

तिसरी गोष्ट ‘मानधन’ या शब्दाची. आमच्या पगाराला पगार म्हणत नाहीत, वेतनही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. संस्कृतात हा बहुव्रीही समास आहे. मान हेच ज्याचे धन, तो मानधन. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त, पहिल्याच सर्गात, तो योद्ध्यांचे विशेषण म्हणून येतो. द्वैतवनात युधिष्ठिराने दुर्योधनाच्या राज्याची बातमी काढायला एक वनेचर पाठवलेला असतो. तो परत येऊन सांगतो की दुर्योधनाचे धनुर्धर पराक्रमी आहेत, मान हेच त्यांचे धन आहे, आणि ते प्राण देऊनही त्याचे हित करायला तयार आहेत. पण त्याच ठिकाणी भारवीने आणखी एक विशेषण घातले आहे: त्या योद्ध्यांचा धन देऊन सत्कार केलेला आहे. मानी माणसालाही धन द्यावे लागते, आणि दिल्याने त्याचा मान कमी होत नाही, हे दुर्योधनाला कळत होते. आमच्या काळात समासाचा विग्रह बदलला. आता मान आहे म्हणून धन थोडे, असा तो सोडवतात. आणि व्हरांड्यातला शिपाई सोडला तर मानाचाही पत्ता नसतो.

हे लिहिताना समितीवर अन्याय होऊ नये, असेही वाटते. विभागप्रमुख त्या दिवशी सबंध वेळ टेबलावरच्या कागदाकडे पाहत होते. ते स्वतः तरुणपणी सहा वर्षे तासिकेवर होते. तीन माणसांचे काम ते एकटे करतात. मूल्यांकनाचे कागद वेळेत गेले नाहीत, तर जाब त्यांनाच विचारला जातो. प्राचार्यांनी जागा गोठवलेल्या नाहीत. त्यांना जे मनुष्यबळ दिलेले नाही, ते ते मुलाखतीतून मिळवू पाहत होते. आम्ही त्यांच्या खुर्चीत असतो तर वेगळे वागलो असतो काय? थोरला म्हणतो, वागलो असतो. धाकट्याला खात्री नाही. हा मतभेद आम्ही मिटवलेला नाही.

निवड थोरल्याची झाली. नेमणुकीच्या पत्रासोबत एक हमीपत्र लिहून द्यायचे होते: ही नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे, तिच्या आधारे कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही. ते त्याने पूर्वीही अनेकदा लिहून दिले होते. या वेळी लिहिताना हात थांबला, असे तो सांगतो. धाकट्याने जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्पर्धा परीक्षेच्या वर्गात मराठी व्याकरण शिकवायला सुरुवात केली. तेथे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला मिळतात, हे त्याला सुरुवातीला खरेच वाटेना. तेथे कविता नाही. समास आहेत, पण ते पर्यायांतून निवडायचे असतात.

त्याच सत्रात, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महाविद्यालयात कार्यक्रम ठरला. मुख्य भाषण थोरल्याने करायचे होते, कारण “आपल्या मराठीचा दिवस आहे.” ते भाषण त्याने मनापासून केले. ती तासिका नव्हती. नॅकच्या नोंदी त्याने लावल्या, शिबिरही केले. केशवसुत शिकवायची वेळ आली तेव्हा तास तीनच उरले होते. त्या तीन तासांत त्याने मुलांना एक गोष्ट सांगितली, जी तो आधीच्या वर्षांत सांगत नसे. हा कवी जन्मभर शाळामास्तर होता. मुंबईत त्याने ठिकठिकाणी नोकऱ्या केल्या. मग खानदेशात भडगावला आणि फैजपूरला शिकवले. १९०४ साली तो धारवाडच्या शाळेत गेला, आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने वारला. ‘आम्ही कोण?’ ही कविता १९०१ सालची, म्हणजे फैजपूरच्या काळातली. इतका मोठा दावा करणारा माणूस त्या वेळी तालुक्याच्या पातळीवरच्या एका गावात मुलांना शिकवत होता. एका मुलाने विचारले, “सर, मग त्यांना तिथे कोणी ओळखत होते का?” आणि तास संपल्यावर दुसऱ्याने विचारले, “सर, पुढच्या वर्षी तुम्हीच असाल ना?” पहिल्या प्रश्नावर थोरला बराच बोलला.

२०२५च्या जुलैत पुन्हा जाहिरात आली. पुन्हा एकच जागा. या वेळी आम्ही चार दिवस गप्प बसलो नाही. त्याच संध्याकाळी भेटलो आणि एक वाक्य ठरवले. आत काय विचारतील हे ठाऊक होतेच. त्यावर दोघांनीही तेच आणि तेवढेच म्हणायचे: “नेमणूक नऊ तासिकांची आहे; त्या आम्ही उत्तम शिकवू, विद्यार्थ्यांसाठी लागेल तेवढा वेळ देऊ, आणि त्यापलीकडच्या कामाचा मोबदला ठरला तर तेही करू.” ‘आम्ही’ हा शब्द त्यात मुद्दाम ठेवला. एकटा माणूस आत बसून ‘आम्ही’ म्हणतो हे विचित्र वाटेल, याची कल्पना होती.

विचित्र वाटलेच. थोरल्याने वाक्य म्हटल्यावर प्राचार्य क्षणभर थांबले. धाकट्याने तेच वाक्य म्हटल्यावर त्यांनी विचारले, “हे ठरवून आलात का?” धाकटा म्हणाला, “हो सर.” विभागप्रमुखांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिले. कोणी रागावले नाही. “बरे आहे, कळवू,” असे म्हणाले.

निवड आमची झाली नाही. त्या वर्षी एक तिसरा उमेदवार होता, सत्तावीस वर्षांचा, आदल्याच वर्षी सेट उत्तीर्ण झालेला. त्याने सगळ्याला हो म्हटले. तो आम्हां दोघांचा विद्यार्थी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थोरल्याने त्याला साहित्यविचार शिकवला होता, तिसऱ्याला धाकट्याने भाषाविज्ञान. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची दोन वर्तुळे त्यानेही वहीत काढलेली असणार.

आम्हांला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच्यावर रागावणे आम्हांला जमले नाही. त्याने जे केले, तेच एक वर्षापूर्वी आम्ही केले होते, आणि आम्ही तर चाळिशी ओलांडून केले होते. त्याचे वडील शेतमजूर आहेत. घरात महाविद्यालयात शिकवणारा तो पहिला. नेमणुकीचे पत्र मिळाल्यावर तो आधी थोरल्याच्या घरी पेढे घेऊन आला, मग धाकट्याच्या. दोन्हीकडे तो पाया पडला आणि दोन्हीकडे त्याने खाली मान घालून सांगितले, “सर, तुम्ही अर्ज केला होता हे मला आत गेल्यावर कळले.”

आपल्यापैकी काही वाचक मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत असतील. त्यांना एक विनंती करावीशी वाटते. जागा तुमच्या हातात नाहीत, पैसा तुमच्या हातात नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण प्रश्न तुमच्या हातात असतात. समोरच्याला शिकवून दाखवायला सांगितले असेल, तर पाच मिनिटे पूर्ण होऊ द्या. त्याच्या प्रबंधाचा विषय विचारा. आणि एका उमेदवाराने काय कबूल केले, ते दुसऱ्याला सांगू नका. यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलाचा फोन आला. केशवसुतांवरची टिपणे हवी होती. थोरल्याने आपली वही दिली, धाकट्याने त्यात स्वतःची काही पाने घातली. वही घ्यायला तो आला तेव्हा सहा दिवसांत सहावा कागद भरून थकलेला होता. वर्गावर जायला वेळ पुरत नाही, असे म्हणाला. शिबिर झाले होते. मानधन आलेले नव्हते. आम्ही त्याला त्या पहिल्या मुलाखतीची हकिगत सांगितली, दोन्ही बाजूंची. ती आम्ही दोघांनी एकत्र बसून दुसऱ्या कोणाला प्रथमच सांगितली. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारले, “सर, मग जुलैत मी आत काय सांगू? तुमचे वाक्य सांगितले तर चौथा कोणीतरी येईल.”

त्याचे म्हणणे खरे आहे. चौथा येईल, आणि तोही बहुधा आपलाच विद्यार्थी असेल. त्याला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. जुलैच्या आधी एका रविवारी तिघांनी भेटायचे, एवढेच ठरले आहे. त्याच्या ओळखीचे, आजूबाजूच्या तालुक्यांत तासिकेवर असलेले आणखी चौघे आहेत. त्यांनाही बोलावू का, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, बोलाव. आपण बसू.